क्ले शूटची टार्गेट कशी लावावीत? अवघड हवीत, पण अन्याय नको

मुळशीचा_बाराबोअर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आमच्या क्लबच्या सभासदांचं छोटं क्ले शूट आहे, म्हणजे मशीनने उडवलेल्या बशा (हीच टार्गेट) छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडायच्या. जागा पुण्यापासून तासाभरावर, रेंजचा रीतसर परवाना असलेली. यंदा टार्गेट लावायचं काम माझ्याकडे आलंय. सहा स्टँड (मारायला उभं राहायच्या जागा), जमिनीवरून पळणाऱ्या रॅबिटचं धरून मशीनं पुरेशी, माणसं तीसेक. त्यात राज्य पातळीवर खेळलेले चारपाच जण, बाकी हौशी, आणि काही तर पहिल्यांदाच दुनळी खांद्याला लावणारे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. टार्गेट अवघड करायचं म्हणजे लांब टाकायचं, ही आपल्याकडची समजूत मला अजिबात पटत नाही. एका शूटला गेलो होतो, तिथे पन्नास मीटरवरून नुसता काठ दाखवत जाणारी काळी टार्गेट, मागे झाडी. नवी मुलं शून्यावर घरी गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत. जुन्या लोकांनी फोडली तीही "लागली एकदाची" म्हणत. यात कुणाचं कसब दिसलं?

टार्गेट सगळ्यांना दिसलं पाहिजे. सगळ्यांना ते फुटेलसं वाटलं पाहिजे. चुकलं तर का चुकलं हे मागे उभ्या माणसाला सांगता आलं पाहिजे. आणि पहिल्या माणसाला जे मिळालं तेच शेवटच्यालाही मिळालं पाहिजे. हे कसं जमवायचं, तुमचे अनुभव सांगा.

निवृत्त_सुभेदार

समान न्याय हवा असेल तर ऑलिंपिक ट्रॅप लावा, समोरच्या खंदकातून टार्गेट दूर जातात तो प्रकार, विषय संपला. खंदकात पंधरा मशीन, प्रत्येक स्टँडसमोर तीन. टार्गेट ७६ मीटर जातं, डावी-उजवीकडे जास्तीत जास्त ४५ अंश. कुठलं येणार हे कुणालाच ठाऊक नसतं, पण पंचवीसच्या फेरीत प्रत्येकाला दहा डावी, दहा उजवी आणि पाच सरळ मिळणार म्हणजे मिळणारच. क्रम वेगळा, माप एकच. याहून स्वच्छ न्याय मी कुठल्या खेळात पाहिला नाही.

तुमच्या स्पोर्टिंगमध्ये, म्हणजे दर स्टँडवर वेगळी टार्गेट टाकायच्या प्रकारात, टार्गेट लावणाऱ्याची मर्जी चालते. आज झाडामागून, उद्या ओढ्यावरून. मर्जी आली की न्याय गेला.

मुळशीचा_बाराबोअर

सुभेदारसाहेब, दहा-दहा-पाचबद्दल शंभर टक्के मान्य. पण पंधरा मशीनचा खंदक आमच्या क्लबच्या बजेटमध्ये पुढच्या जन्मी. आणि स्पोर्टिंगमध्ये मर्जी टार्गेट ठरवताना चालते. एकदा ठरलं की ते सगळ्यांना सारखंच हवं, तिथे मर्जी नाही.

गोफण

आम्ही ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकलणारी माणसं. एक अडाणी प्रश्न. ही क्ले खरंच मातीची असतात का?

भोसरीचा_स्प्रिंगवाला

@गोफण दादा, नावापुरतीच माती. डांबराच्या जातीचं पिच आणि चुनखडीची भुकटी मिसळून साच्यात दाबतात. नेहमीची बशी ११० मिलीमीटर व्यासाची, १०५ ग्रॅमच्या आसपास. आधी जिवंत कबुतरं सोडून मारायचे, १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा तो प्रकार झाला होता. मधल्या काळात काचेचे गोळे उडवायचे, पण सगळीकडे काचांचा खच. मग १८८० मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या लिगोव्स्कीने बशीसारख्या क्लेचं पेटंट घेतलं.

आता मूळ मुद्दा. मी मशीनं दुरुस्त करतो म्हणून माझं लक्ष तिथेच जातं. न्यायाच्या एवढ्या गप्पा चालतात आणि मशीन ठेवलेलं असतं भुसभुशीत मातीवर. मशीनचा फेकणारा हात सुटला की प्रत्येक वेळी बेस केसभर सरकतो. एका फेकीत कळत नाही. दुपारपर्यंत तेच मशीन दोन बोटं फिरलेलं असतं आणि टार्गेट सकाळच्या रेषेपासून दोन-तीन मीटर बाजूला जातं. सकाळच्या बॅचने एक टार्गेट मारलं, दुपारच्या बॅचने दुसरंच. कागदावर दोघांचं नाव एकाच स्टँडखाली.

उपाय स्वस्त आहे. बेसच्या चारही कोपऱ्यांत फूटभर सळ्या ठोका, वर वाळूची पोती टाका. मशीनच्या पायाभोवती चुन्याची रेघ मारून ठेवा, सरकलं की लगेच दिसतं. स्प्रिंगच्या नटावर आणि बोल्टवर एकाच वेळी पेंटचा ठिपका द्या, ठिपके एकमेकांसमोरून हलले की नट ढिला झाला. आणि टार्गेट जिथे पडायला हवं तिथे बांबू रोवा. दर बॅचआधी एक फेकून बघा, बांबूच्या आसपास पडलं तर चालू द्या.

उन्हात खोकी ठेवू नका हेही सांगून ठेवतो. पिच तापलं की मऊ पडतं, बशा एकमेकींना चिकटतात, मशीनमध्ये दोन-दोन येतात. एप्रिल-मेमध्ये तर छर्रा आरपार जातो आणि बशी तशीच पुढे. डिसेंबरात एवढा त्रास नाही, तरी सावलीतच ठेवा.

कोथरूडची_डावखुरी

स्प्रिंगवाले दादा, तो पेंटचा ठिपका मी आता घरच्या गॅस शेगडीलाही देणार आहे.

मी डावखुरी. कृपा करून सगळी टार्गेट एकाच बाजूने टाकू नका. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याला बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे जाणारं टार्गेट सोपं पडतं, कारण अंग मोकळं फिरतं आणि गाल कुंद्याला चिकटून राहतो. माझं नेमकं उलटं. लावणारा उजवा असतो, तो स्वतः मारून बघतो, त्याला जे छान वाटतं तेच ठेवतो. मग सहापैकी पाच स्टँडवर उजवीकडून डावीकडे. दोन्ही दिशा मोजून सारख्या ठेवा. आणि लावलेलं टार्गेट एखाद्या डाव्या माणसाकडून मारून घ्या. मी यायला तयार आहे, काडतुसं क्लबची.

पाच_फूट_एक

डावखुरीला माझं अनुमोदन, आणि एक भर. उंची.

एका शूटला तिसऱ्या स्टँडवर टार्गेट घाणेरीच्या झुडपामागून निघायचं. सहा फुटी माणसाला मशीनच्या तोंडातून सुटताना दिसायचं. मला झुडपाच्या वर आल्यावर दिसायचं, म्हणजे अर्धा सेकंद उशिरा. पंच म्हणाले, सगळ्यांना सारखंच आहे. सारखं कसं? मी चवड्यांवर उभी राहून मारलं आणि तोल गेला.

लावणाऱ्याने प्रत्येक स्टँडवर गुडघे वाकवून बघावं, एवढंच. जमेल तर चौदा-पंधरा वर्षांच्या कुणाला उभं करून विचारावं, "कुठून दिसतंय?"

बायकांचा विषय निघालाच आहे म्हणून: १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट (दोन बाजूंच्या मशीनमधून येणारी टार्गेट फोडायचा प्रकार) स्त्री-पुरुष एकत्र होतं आणि सुवर्णपदक चीनच्या झांग शानने जिंकलं. पुढच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना स्कीटच नव्हतं! वेगळी स्पर्धा आली ती थेट २००० मध्ये, सिडनीला. टार्गेटला समोर कोण उभं आहे ते कळत नाही, नियम करणाऱ्यांना कळतं.

निवृत्त_सुभेदार

पाच_फूट_एक ताई, झुडपाचा मुद्दा शंभर नंबरी. आमच्या वेळी रेंजवर विळा घेऊनच जायचो.

गणिती_औंध

बाराबोअर यांच्या "लांब म्हणजे अवघड नव्हे" या मुद्द्याला आकडे देतो.

टार्गेट आडवं, सेकंदाला २० मीटर वेगाने चाललंय असं धरा. छर्रे नळीतून निघताना सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास असतात, पण हवेत झपाट्याने मंदावतात. २० मीटरवर पोचायला सेकंदाचा साधारण अठरावा भाग लागतो, तेवढ्यात टार्गेट मीटरभर पुढे जातं. ४० मीटरवर पोचायला दुपटीहून जास्त वेळ लागतो, टार्गेट पावणेतीन मीटर पुढे. म्हणजे तेवढं पुढे धरून मारायचं. इथवर कसब आहे, हे शिकता येतं.

पण त्याच्या पुढे दुसरीच भानगड सुरू होते. छर्रे पसरतात. ४० मीटरवर त्यांचा घेर मीटरभराचा झालेला असतो आणि मधे मोकळ्या जागा पडतात. त्यात टार्गेट कडेने जात असेल तर समोर दिसतो फक्त अडीच सेंटीमीटर जाडीचा काठ. बरोब्बर नेम धरलेला माणूसही त्या फटीतून चुकू शकतो, आणि चुकीचा नेम धरलेल्याचा एखादा छर्रा काठाला लागून टवका उडतो. तिथे जिंकतं ते नशीब. लांब टाकायचंच असेल तर पोट किंवा पाठ दाखवणारं टाका, म्हणजे पूर्ण ११० मिलीमीटरची बशी समोर असेल.

सदाशिव_दुनळी

मी थोडा विरोधात बोलतो. सगळ्यांना खूश करायला गेलात तर वरच्या चार जणांचा टाय होणार आणि संध्याकाळी अंधारात शूटऑफ, म्हणजे टाय फोडायची जादा फेरी, खेळत बसणार. शूटमध्ये दोन टार्गेट तरी अशी हवीत की जिंकायला आलेल्या माणसाला घाम फुटला पाहिजे. काडतुसाला एवढे पैसे मोजून आम्ही यायचं आणि अंगावर येणारी गरीब बिचारी टार्गेट फोडायची? नवशिक्यांसाठी वेगळा दिवस ठेवा.

मुळशीचा_बाराबोअर

सदाशिवराव, घाम फुटलाच पाहिजे. वाद कशाने फुटावा एवढाच आहे.

चांगला फिरकी गोलंदाज चेंडू जोरात टाकत नाही. उंची देतो, फलंदाजाला पुढे बोलावतो आणि टप्प्यावर फसवतो. टार्गेटमध्येही तसं करता येतं. तीन उदाहरणं देतो, तिघांचंही अंतर पंचवीस-तीस मीटरच्या आत.

पहिलं बॅट्यू. व्यास नेहमीचाच, पण जाडी सेंटीमीटरभर. सुटतं तेव्हा काठ दिसतो, जवळजवळ गायब. मग हवेत उलटतं, अख्खी बशी समोर येते आणि त्याच क्षणी खाली पडायला लागतं. घाई केली तर काठावर मारलं, थांबलात तर पडतंय त्याच्या वर मारलं. नवा माणूस वाट बघून एखादं तरी फोडतो, कारण उलटल्यावर ते भलं मोठं दिसतं. अनुभवी माणूस चुकतो तो घाईने.

दुसरं मिनी, ६० मिलीमीटरचं. डोळ्याला वाटतं, अरे बापरे, केवढं लांब आणि केवढं वेगात! असतं वीस मीटरवर, आणि हलकं असल्यामुळे पटकन मंदावतंही. माणूस खूप पुढे धरतो आणि छर्रे टार्गेटच्या पुढून निघून जातात. त्याला कळलं की पुढच्या फेरीत फोडतो. हा आनंद नवशिक्याला देण्यासारखा आहे.

तिसरं टील, सरळ वर जाणारं. माथ्यावर क्षणभर थांबतं, तिथे कुणीही मारावं. पण त्याच्याच जोडीला दुसरं टार्गेट असं सोडायचं की माथ्याची वाट बघितली तर दुसऱ्याला उशीर होणार. जिंकायला आलेला टील चढतानाच फोडेल, हौशी माथ्यावर फोडून दुसरं सोडून देईल. टार्गेट तीच, प्रत्येकाला आपापल्या ताकदीप्रमाणे पुरणारी. वेगळा दिवस कशाला?

सदाशिव_दुनळी

टीलची जोडी आवडली. विरोध निम्मा मागे घेतो. उरलेला निम्मा शूटऑफपुरता राखून.

टेकडीवरची

मी नेमबाजीतली नाही, वेताळ टेकडीवर पक्षी बघायला जाणारी. मुद्दा थोडा वेगळा आहे, पण विचारते. ते शिसं जमिनीत पडतं त्याचं काय? टिपणारे पक्षी खडे समजून छर्रे गिळतात आणि त्याने मरतात. शिवाय त्या डांबरी बशांचे तुकडे.

निवृत्त_सुभेदार

टेकडीवरच्या ताई, प्रश्न रास्त आहे. शिशाचे छर्रे पक्ष्यांना घातक असतात यात वाद नाही, ते पाण्यात किंवा पाणथळीत पडू देणं तर सर्वांत वाईट. म्हणून ओढ्याच्या, तळ्याच्या दिशेने टार्गेट लावूच नये, ते कितीही देखणं दिसो. सगळ्या स्टँडचे छर्रे शक्यतो एकाच पट्ट्यात पडतील अशी मांडणी केली की माती चाळून शिसं परत काढता येतं. पिचऐवजी कमी विषारी मिश्रणाच्या बशाही मिळतात. समोरचा पट्टा तीनशे मीटर मोकळा हवा, माणूस नाही, गुरं नाहीत, पायवाट नाही. एवढं नसेल तर ती जागाच नको.

टेकडीवरची

धन्यवाद सुभेदारकाका. ओढ्याचं लक्षात ठेवा हं बाराबोअर.

मुळशीचा_बाराबोअर

नक्की. दुसऱ्या स्टँडची दिशा आजच बदलतो, तिथे खाली पावसाळी डबकं आहे.

गोफण

हे सगळं वाचून प्रश्न पडला. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्नील कुसाळे. सगळी रायफल-पिस्तूलवाली. बाराबोअरमध्ये, म्हणजे शॉटगनमध्ये, मराठी नावं का ऐकू येत नाहीत?

निवृत्त_सुभेदार

रायफल-पिस्तूलची सोय आपल्याकडे झाली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडी उभी राहिली, दहा मीटरचा सराव तर एखाद्या हॉलमध्येही होतो. शॉटगनला मोकळं रान लागतं आणि प्रत्येक सरावाला काडतुसं जळतात. शॉटगनचा वारसा उत्तरेकडचा. बिकानेरचे महाराजा कर्णी सिंग यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलं, दिल्लीची तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावाने आहे. राज्यवर्धनसिंग राठोड आमच्या फौजेतले, २००४ अथेन्स, डबल ट्रॅप (एकाच वेळी दोन टार्गेट), रौप्य. मानवजितसिंग संधू २००६ मध्ये ट्रॅपचा जगज्जेता. पॅरिसला २०२४ मध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका स्कीटच्या मिश्र सांघिकमध्ये चौथे, कांस्य थोडक्यात हुकलं.

म्हणूनच बाराबोअर म्हणतात ते मला आता पटायला लागलंय. दुनळी घेऊन आलेलं पोर शून्य घेऊन घरी गेलं तर आपल्याकडे ही नावं कधीच होणार नाहीत.

लोहगावचा_वारा

तीन गोष्टी कुणी बोललं नाही.

सूर्य. डिसेंबरात तो दिवसभर दक्षिणेकडून जातो, म्हणून तोंड उत्तरेकडे ठेवा. सकाळी नऊला पूर्वेकडचं किंवा दुपारी चारला पश्चिमेकडचं टार्गेट म्हणजे डोळ्यांत ऊन. मे-जूनमध्ये आपल्याकडे सूर्य डोक्यावर, थोडा उत्तरेलाच सरकतो, तेव्हाचा हिशेब वेगळा.

रंग. मुळशीकडे डिसेंबरात डोंगरउतारावरचं गवत पिवळं पडलेलं असतं. त्यावर नारिंगी टार्गेट विरघळून जातं. तिथे काळं लावा. मागे गर्द झाडी असेल तर नारिंगी, मागे आभाळ असेल तर पुन्हा काळं. आणि टार्गेटच्या वाटेत मागचा देखावा बदलतोय का बघा. आधी झाडी, मग आभाळ असं असेल तर जिथे फोडायची अपेक्षा आहे तिथला रंग धरा.

वारा दुपारी वाढतो, त्याला इलाज नाही. पण उंच तरंगणारी टार्गेट वाऱ्यावर फार हेलकावतात. ती कमी ठेवलीत तर सकाळ-दुपारचा फरकही कमी राहील.

कोथरूडची_डावखुरी

सकाळ-दुपारच्या फरकावरून: सगळ्या बॅच एकाच वेळी वेगवेगळ्या स्टँडवर सुरू करा. मग ऊन-वारा सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. आणि बॅचमध्ये पहिला मारणारा दर स्टँडला बदला. पहिल्याला टार्गेट कसं जातं ते माहीत नसतं, बाकीचे त्याचं बघून शिकतात. दर स्टँडला त्याला एक जोडी नुसती दाखवायची असते, ती दाखवायला पंच विसरतात.

पाच_फूट_एक

पंचांवरून आठवलं. बशीचा एक तरी तुकडा डोळ्याला दिसला तर फुटली, नुसती धूळ उडाली तर नाही. हे सुरू होण्याआधी मोठ्याने सांगा. आणि मशीनमधून तुटूनच निघाली तर नो बर्ड, पुन्हा टाकायची. सगळी भांडणं इथेच होतात.

मुळशीचा_बाराबोअर

मंडळी, काल संध्याकाळी मैदानावर जाऊन मांडणी केली. डावखुरी ताई आणि स्प्रिंगवाले दोघंही आले होते. असं ठरलंय:

पहिल्या स्टँडवर अंगावर येणारं, संथ, पोट दाखवणारं, आणि त्यावर झाडलेल्या बाराच्या आवाजावर सुटणारं डावीकडून आडवं. हात मोकळा व्हावा, कुणीही शून्यावर निघू नये. दुसऱ्यावर उजवीकडून आडवं आणि मिनी. डबक्याकडची दिशा सोडली. तिसऱ्यावर बॅट्यूची जोडी, मागे आभाळ, झुडूप छाटून टाकलंय. चौथ्यावर टील आणि लगेच निघून जाणारं, सदाशिवरावांसाठी. पाचव्यावर सगळ्यांत लांबचं, चाळीसच्या जरा आत, पण पूर्ण पाठ दाखवणारं नारिंगी, मागे जांभळीची गर्द रांग. सहाव्यावर रॅबिट आणि त्यावरून आडवं जाणारं.

डावी-उजवी सारखी आहेत, मोजली. डावखुरी ताईंनी तिसऱ्या स्टँडवर सलग चार फोडली, तेव्हा सुटतानाचा कोन किंचित वाढवला. सळ्या, पोती, चुना, ठिपके, बांबू सगळं झालंय. एक अडचण उरली. सहाव्या स्टँडची जमीन मुरमाड आहे. रॅबिट खड्यावर आपटून कधी हातभर उडतं, कधी फुटतं, कधी सरळ पळतं. प्रत्येकाला वेगळंच टार्गेट मिळतंय.

सदाशिव_दुनळी

ससा कधी सरळ पळतो का? उडू द्या की.

भोसरीचा_स्प्रिंगवाला

नाही सदाशिवराव, उडी सगळ्यांना सारखी मिळाली तर चालेल, नशिबाने मिळाली तर नाही. बाराबोअर, वर्कशॉपमध्ये जुन्या कन्व्हेअर बेल्टचे पट्टे पडलेत, तीन फूट रुंद. रॅबिट धावतं तेवढ्या वाटेवर अंथरू आणि कडा मातीत पुरू. उडीच हवी असेल तर पट्ट्याखाली एका जागी मातीने भरलेलं अर्ध्या फुटाचं पोतं ठेवतो. मग प्रत्येक रॅबिट तिथेच उडेल, आणि मारणाऱ्याला ते आधी दिसलेलं असेल.

मुळशीचा_बाराबोअर

हेच हवं होतं. शनिवारी सकाळी टेम्पो पाठवतो. उडी ठेवू.

पाच_फूट_एक

उडी कुठे आहे ते माझ्या उंचीवरूनही दिसतंय का, एवढं बघून घ्या.

मुळशीचा_बाराबोअर

शनिवारी तुम्हीच या ताई. पट्टा तुम्ही उभ्या राहिल्यावरच पुरू.